कॅमेऱ्यातलं चित्रण कुणाच्या हाती? खान्देशच्या पोलीस अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, नाशिक परिक्षेत्र,
मा. पोलीस अधीक्षक, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी यांस

विषय : सुरक्षेसाठी दुकानं, सोसायट्या आणि ग्रामपंचायतींकडून घेतलं जाणारं सीसीटीव्ही चित्रण आणि त्यात दिसणारी माणसं

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरचा. सीसीटीव्ही कॅमेरे बसवणं आणि त्यांची देखभाल करणं यावर माझं घर चालतं. चोपडा, धरणगाव, पारोळा, शिंदखेडा, कधी शिरपूर-दोंडाईचापर्यंत कामं असतात. सराफाचं दुकान, कृषी केंद्र, जिनिंग, दवाखाना, मंगल कार्यालय, केळीच्या बागेतलं पंपघर, अशा सगळ्या ठिकाणी मी शिडी लावलेली आहे. त्यामुळे हे पत्र कॅमेऱ्याच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नये.

आपल्याकडे कॅमेरा लागतोच. बागेतली केबल रात्रीतून कापून नेतात, विहिरीवरची मोटर उचलतात, शेतकरी सकाळी पाणी द्यायला जातो तेव्हा त्याला कळतं. लग्नसराईत बसस्थानकावर बाईच्या गळ्यातली पोत जाते. सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे येतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, भुसावळहून गाड्या चारी दिशांना सुटतात, आणि चोरी करून निघालेला माणूस काही तासांत गुजरातेत किंवा मध्य प्रदेशात असतो. अशा वेळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा कॅमेरा हाच पहिला साक्षीदार असतो. गाडीचा नंबर, वेळ, ती कोणत्या बाजूला वळली, एवढं कळलं तरी तपास उभा राहतो. म्हणून ठाण्याचे साहेब व्यापाऱ्यांची बैठक घेऊन ‘एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा’ म्हणतात तेव्हा मी तो मनापासून वळवून देतो.

माझं म्हणणं त्यापुढचं आहे. वळवलेल्या कॅमेऱ्यात जे साठतं ते कुणी मागायचं, कसं मागायचं, किती न्यायचं, कुणाला दाखवायचं आणि काम झाल्यावर त्याचं काय करायचं, याचा एक पानभर लेखी नियमसुद्धा मी माझ्या एकाही ग्राहकाकडे पाहिलेला नाही. दुकानदार विचारतो, भाऊ, द्यायचं का? मी सांगतो, पोलिसांना द्या. पण कसं द्यायचं, हे सांगणारा कागद माझ्याकडेही नाही. खाकी वर्दीतला माणूस आला की पेनड्राइव्ह पुढे करायचा आणि पोलीस पाटील म्हणाले की क्लिप मोबाइलवर पाठवायची, अशी वहिवाट पडून गेली आहे. काही गावांत तर स्थानिक पुढारी, सोसायटीचा चेअरमन, ओळखीचा पत्रकार, कुणीही ‘जरा कालचं बघू द्या’ म्हणतो आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, समोर उघडला जातो.

एका तालुक्याच्या गावी घडलेलं सांगतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. आठवडे बाजारात एका आजींची पोत हिसकावली गेली. समोरच्या दुकानाचा कॅमेरा मी बसवलेला नव्हता, पण नंतर दुरुस्तीला मला बोलावलं म्हणून सगळी हकीकत कळली. तपासाला आलेल्या कर्मचाऱ्याने चित्रण मागितलं. दुकानातल्या पोराने डीव्हीआरमधून सरसकट काढून दिलं. संध्याकाळी तेच चित्रण गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं, ‘यांना कुणी ओळखत असेल तर कळवा’ अशा ओळीसह. पोत ओढणारे दोघं त्यात काही सेकंदच दिसत होते, तेही तोंडाला रुमाल बांधून. मात्र क्लिप लांबलचक होती. झेरॉक्सच्या दुकानापाशी एक कॉलेजातली मुलगी एका मुलाशी बोलत उभी होती, तीही त्यात आली. गावाने चोरांना ओळखलं नाही. मुलीला ओळखलं.

तिचं कॉलेज सुटलं. घरात दोन भाऊ, शेजारी चुलते, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये ती क्लिप. तिची आई मला एका ग्राहकाच्या घरी भेटली. मी कॅमेऱ्यावाला आहे हे कळल्यावर तिने विचारलं, “आमनी पोरनं काय चुकनं, भाऊ?”

यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. कर्मचाऱ्याला चोर लवकर सापडावा असं वाटत होतं, दुकानदाराला मदत करायची होती, ग्रुपवर टाकणाऱ्यालाही कदाचित तेच. चांगल्या हेतूने निघालेलं चित्रण वाटेत कुठेही अडलं नाही, कारण अडवणारी पायरीच नव्हती. किती वेळेचं चित्रण हवं, एवढं कुणी विचारलं असतं तरी पुरलं असतं. डीव्हीआरमध्ये बॅकअप घेताना कोणता कॅमेरा, सुरुवातीची वेळ आणि शेवटची वेळ, हे तिन्ही निवडता येतं. अर्ध्या मिनिटाचं चित्रण काढायला अर्ध्या दिवसाचं काढण्यापेक्षा कमीच वेळ लागतो. मुलगी त्यात आलीच नसती.

ही गोष्ट एका मुलीपुरती मानू नका, कारण संशयितांचे चेहरे ग्रुपवर फिरवण्याची सर्वांत मोठी किंमत खान्देशानेच पाहिली आहे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारचा बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा कितीतरी दिवस मोबाइलवरून फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. आपल्या बदल्या होतात, नवे अधिकारी येतात, जुने कागद कपाटात जातात, म्हणून हे पुन्हा लिहावंसं वाटलं. त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबतचा निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी याकामी नेमावा, भडकवणारे संदेश आणि चित्रफिती पसरू नयेत यासाठी पावलं उचलावीत, पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत, असं त्यात बजावलं आहे. मग ठाण्याच्या ओळखीने, गावाच्या ग्रुपवर, कोणत्याही खातरजमेशिवाय एखाद्या अनोळखी माणसाचा कॅमेऱ्यातला चेहरा ‘सावध राहा’ म्हणून फिरतो तेव्हा तोही याच जातीचा संदेश नाही का? तो खरा चोर असेलही. पण फेरीवाला, भंगारवाला, ऊसतोडीला निघालेला, पावरा-भिल्ल पाड्यावरून मजुरीला आलेला, वाट चुकलेला मनोरुग्ण, यांच्यापैकी कुणी असला तर? त्या फोटोखाली गाव निकाल लावून मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी ‘तो नव्हे’ असा संदेश कुणी टाकत नाही, आणि टाकला तरी तो पहिल्याइतका फिरत नाही.

जळगावच्या वाट्याला याहून जुनं एक दुखणं आहे. ते लिहिताना हात जड होतो, तरी लिहितो. १९९४ मध्ये जे वासनाकांड उघडकीला आलं त्यात मुलींना आणि बायकांना गप्प ठेवायला छायाचित्रं वापरली गेली. चित्र आपल्याकडे आहे, एवढंच सांगून माणसं त्यांना वाकवत होती. खटले उभे राहिले तेव्हा पुढे येऊन बोलणाऱ्या फार थोड्या निघाल्या आणि अनेक आरोपी सुटले. घरचं नाव जाईल, गावभर होईल, लग्न मोडेल, ही भीती पोलिसांच्या शब्दापेक्षा मोठी ठरली. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. आज तीच भीती दर कोपऱ्यावर खांबाला टांगलेली असू शकते, आणि ती घालवणं आपल्याच हातात आहे.

गोपनीयतेची बाजू मांडणारा माणूस तपासाच्या आड येतो, असं आपल्यापैकी काहींना वाटत असेल. मला उलट अनुभव आहे. मी घरोघरी जातो, लोक माझ्याशी मोकळेपणी बोलतात. छेडछाड झालेली मुलगी, सावकाराने दमदाटी केलेला शेतकरी, शेजारच्या अवैध दारूच्या धंद्याला कंटाळलेली बाई, यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. कित्येकदा त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात पुरावाही असतो. ते तो देत नाहीत, कारण दिलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात येईल असं त्यांना वाटतं. कोणी दिलं हे कळेल, आणि मग निस्तरायचं आपल्यालाच. लोकांचा विश्वास गेलेल्या गावात कितीही कॅमेरे लावले तरी पोलिसांच्या हाती फक्त चोरांचे रुमाल लागतील.

कायद्याचं मला फार कळत नाही, पण माझ्या धंद्यापुरतं मी वाचून घेतलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं असेल तर त्यामागे कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि कारणाला पुरेल तेवढंच शिरायला हवं. ही तिसरी अट माझ्या कामाशी थेट लागू पडते. अर्ध्या मिनिटाची गरज असेल तर अर्ध्या मिनिटाचंच चित्रण.

मागायची पद्धतही कायद्यात लिहिलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ प्रमाणे ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून असा पुरावा मागू शकतो. तो आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतो, म्हणजे वेळ जाईल ही सबब उरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात चित्रण सादर करताना प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात त्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा तिचा अक्षर-आकड्यांचा ठसा, लिहावं लागतं. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलतं, म्हणून तीच फाइल असल्याची खात्री पटते. व्हॉट्सअॅपवरून चित्रण नेहमीसारखं व्हिडिओ म्हणून पाठवलं की अॅप ते आकसून लहान करतं आणि हॅश जुळत नाही. म्हणजे ग्रुपवर फिरवून आपण माणसाची अब्रूही घालवतो आणि पुरावाही कच्चा करतो. दुकानदारांना मी हे समजावून सांगतो तेव्हा त्यांना ते लगेच पटतं. आपल्या बीटवरच्या कर्मचाऱ्यांनाही पटेल, त्यांना कुणी तरी बसवून सांगायला हवं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याने लागू व्हायच्या आहेत. गुन्ह्याच्या तपासासाठी त्यात सवलती आहेत, आणि काही असायलाही हव्यात. पण तपासाची सवलत घेतानाही डेटा सांभाळून ठेवण्याची जबाबदारी सुटत नाही, हे त्याच कायद्यात आहे. सांभाळण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. घरच्या वापराला हा कायदा लागत नाही, दुकानाला लागतो. गल्लीतल्या किराणावाल्याला यातलं काहीच माहीत नाही. त्याने पोलिसांना सहकार्य म्हणून दिलेली क्लिप पुढे कुणी फिरवली, तर जाब कुणाला विचारायचा? लेखी मागणी आणि पोचपावती नसेल तर तोच बिचारा अडकेल. म्हणून मी जे मागतो आहे ते व्यापाऱ्याच्याही भल्याचं आहे.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. पोलिसांनी चित्रण मागताना एक छापील अर्ज वापरावा. कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या कॅमेऱ्याचं, कोणत्या तारखेचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मागणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर, एवढं त्यात असावं. खाली दुकानदाराला द्यायची पोचपावती. अपहरण, खून, बेपत्ता मूल अशा प्रसंगी आधी चित्रण आणि मग अर्ज चालेल, फक्त तो अर्ज नक्की यावा. अख्खा डीव्हीआर उचलून नेण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. त्याने दुकान उघडं पडतं, आणि त्या डिस्कवर दुकानदाराच्या गल्ल्याचं, बायको-मुलांचं, गिऱ्हाइकांचं सगळं असतं.

एक तांत्रिक गोष्ट आपल्या माणसांना माहीत असायला हवी. चार कॅमेऱ्यांच्या साध्या संचात एक टेराबाइटची डिस्क असली तर सेटिंगप्रमाणे साधारण आठ-दहा दिवसांचं, फार तर पंधरवड्याचं चित्रण राहतं, नंतर जुन्यावर नवं चढत जातं. हे चांगलंच आहे, कुणाचं रोजचं येणं-जाणं वर्षानुवर्षं साठून राहत नाही. पण तपास अधिकारी महिनाभराने आला तर काहीच उरलेलं नसतं, आणि मग मोठ्या डिस्का घ्या, तीन-तीन महिन्यांचं ठेवा असा आग्रह होतो. त्याऐवजी गुन्हा नोंदवल्याबरोबर त्या परिसरातल्या कॅमेऱ्यांना ‘या वेळेचं जपून ठेवा’ असं लेखी कळवलं तर हवा तेवढाच तुकडा टिकेल. आणखी एक. कित्येक डीव्हीआरची घड्याळं पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतात. चित्रण घेताना खरी वेळ आणि डीव्हीआरची वेळ दोन्ही लिहून घ्या. घड्याळाच्या चुकीने भलत्याच माणसावर संशय जाऊ शकतो.

थेट जोडणीचं वेगळं बोलायला हवं. नियंत्रण कक्षात बसून खासगी दुकानांचे कॅमेरे थेट दिसावेत अशी मागणी वाढत चालली आहे. नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या, चौकातल्या कॅमेऱ्यांचं ठीक आहे. दुकानाचा किंवा घराचा कॅमेरा जोडायचा असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी, फक्त रस्त्याकडचा एकच कॅमेरा जोडावा, आणि मालकाला तो केव्हाही काढून घेता यावा. समोरच्या घराची खिडकी, गच्ची, अंगण चित्रात येत असेल तर तेवढा भाग काळा करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. आम्ही त्याला प्रायव्हसी मास्क म्हणतो. ती वापरणं सक्तीचं करा. उन्हाळ्यात खान्देशात निम्मं गाव गच्चीवर झोपतं, हे आपल्याला सांगायला नको. दवाखान्याच्या तपासणीच्या खोल्या, वसतिगृहांचे जिने, कपडे बदलायच्या खोल्या आणि त्यांच्या दारासमोरचे कॅमेरे या जोडणीत कधीही येऊ नयेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातले लोकही होते. कित्येक ठिकाणी यंत्रांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेलेच नव्हते. मला यात नवल वाटलं नाही, कारण मी जातो तिथे निम्म्या ठिकाणी तेच असतं. पासवर्ड यंत्राच्या खोक्यावर पेनाने लिहिलेला. जुन्या कारागिराच्या फोनमध्ये अजून त्या दुकानाचं अॅप चालू. नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींच्या मोबाइलवर अजून गल्ला दिसतो. एप्रिल २०२५ पासून इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली, ते बरं झालं. पण आधी बसलेल्या कॅमेऱ्यांचं काय? ज्या कॅमेऱ्यांवर पोलिसांची भिस्त आहे, त्यांचे पासवर्ड बदलले आहेत की नाहीत हे पाहणंही सुरक्षेचंच काम आहे. जिल्हा नियोजनच्या किंवा पालिकेच्या निधीतून जे कॅमेरे बसतात त्यांच्या ठेकेदाराबरोबरच्या करारात हे स्पष्ट असावं: ठेका संपल्यावर त्याचे सगळे लॉगिन बंद, आणि कक्षात कोणी केव्हा काय पाहिलं, कोणी काय उतरवून घेतलं याची नोंद आपोआप होणारी. ती नोंद दर महिन्याला वरिष्ठांनी तपासावी.

संशयिताचं छायाचित्र लोकांपुढे ठेवण्याची गरज कधी पडतेच. ते करू नका असं मी म्हणत नाही. उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा वरच्या अधिकाऱ्याच्या लेखी निर्णयानेच, पोलिसांच्या अधिकृत पानावरून, फक्त त्या माणसाचं चित्र कापून आणि आजूबाजूचे चेहरे पुसून ते द्यावं. माणूस निर्दोष निघाला की त्याच पानावरून, त्याच ठळक अक्षरांत तसं कळवावं आणि आधीचं चित्र काढावं. गुन्ह्यात पीडित, साक्षीदार किंवा आरोपी असलेल्या लहान मुलांचे आणि लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचे चेहरे किंवा ओळख दाखवणं तर कायद्यानेच गुन्हा आहे, मग ते चित्रण ज्याच्या फोनवरून सुटलं तो कर्मचारी असला तरी.

आता चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांकडे येतो. राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘मार्व्हल’ ही कंपनी २०२४ मध्ये उभी केली, उद्या तिची साधनं आपल्या ठाण्यांपर्यंत येतील. यंत्र ‘हा तोच’ असं सांगत नाही, ‘हा इतका सारखा दिसतो’ एवढंच सांगतं. आमचे कॅमेरे खांबावर उंच, धुळीने माखलेले, रात्री इन्फ्रारेडवर पांढरेफटक चेहरे दाखवणारे. अशा चित्रावरून निघालेल्या सारखेपणाला कुणी ओळख समजू लागलं तर पहिला फटका त्यांनाच बसेल ज्यांच्याकडे ठाणं आधीपासूनच संशयाने पाहतं. पारधी, भिल्ल, भटके, झोपडपट्टीतली पोरं. म्हणून यंत्राने दाखवलेल्या सारखेपणावर कुणालाही उचलून आणू नये, सोबत दुसरा स्वतंत्र पुरावा हवाच, असा आदेश ही साधनं येण्याआधी निघावा. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्या माणसांच्या बोटांचे ठसे आणि इतर मापं ७५ वर्षं ठेवायची मुभा दिली आहे, पण आधी शिक्षा न झालेला माणूस शेवटी निर्दोष सुटला तर ती नष्ट करावीत असंही त्यात आहे, न्यायालयाने वेगळं सांगितलं नसेल तर. मग रस्त्यावरून निव्वळ चालत गेलेल्या माणसाचं चित्रण ठाण्याच्या संगणकात कायमचं का राहावं? गुन्ह्याशी संबंध नसलेलं चित्रण ठराविक मुदतीत पुसलं जावं आणि पुसल्याची नोंद राहावी.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबद्दलही मला बोललं पाहिजे. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावायला, चित्रण अठरा महिने जपायला, ते शक्य नसेल तिथेही किमान वर्षभर ठेवायला, आणि ठाण्याच्या दारात स्थानिक भाषेत मोठा फलक लावायला सांगितलं. त्रास झाला तर तक्रार करण्याचा आणि चित्रण जपून ठेवायला लावण्याचा आपला हक्क त्या फलकावर लिहिलेला असायला हवा. तीनही जिल्ह्यांत प्रत्येक ठाण्याच्या दारात तो फलक वाचता येईल अशा जागी लावा. कॅमेऱ्याने पोलिसांच्या वागण्यावरही प्रकाश पडतो, हे जानेवारी २०१३ च्या दंगलीनंतर धुळ्याने पाहिलं आहे. लोकांनी टिपलेली दृश्यं पुढे आली म्हणून काही पोलिसांवर कारवाई झाली. लोकांच्या कॅमेऱ्यांकडून आपण जी अपेक्षा करता, तीच स्वतःच्या कॅमेऱ्यांकडून केलीत तर दुकानदार अधिक विश्वासाने दार उघडेल.

चौकातल्या प्रत्येक सरकारी कॅमेऱ्याखालीही मराठीत आणि जिथे गरज आहे तिथे अहिराणी, पावरी, भिलीत पाटी असावी: हा कॅमेरा कुणाचा, चित्रण किती दिवस राहतं, तक्रार कुणाकडे. आणि वर्षातून एकदा तिन्ही जिल्ह्यांनी आकडे जाहीर करावेत. किती कॅमेरे जोडलेत, किती वेळा चित्रण मागितलं, किती गुन्ह्यांत ते उपयोगी पडलं, किती तक्रारी आल्या. उपयोग झाला असेल तर तो आकडा आपल्याच बाजूने बोलेल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा निधी लागत नाही. अर्जाचा नमुना, एक परिपत्रक, बीट कर्मचाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. माझी विनंती आहे की येत्या गणेशोत्सवाआधी शांतता समितीच्या बैठका होतील तेव्हा हा विषय त्यात घ्यावा, आणि त्या बैठकीला व्यापारी आणि मंडळांबरोबर महिला बचत गटांच्या बायका, महाविद्यालयातल्या मुली, आदिवासी पाड्यांवरचे प्रतिनिधी आणि माझ्यासारखे कॅमेरे बसवणारे यांनाही बोलवावं. अमळनेर आणि चोपडा तालुक्यांतल्या माझ्या ओळखीच्या कारागिरांशी मी बोललो आहे. बैठक ठरली तर प्रत्येक बाजारपेठेत एकेक दिवस बसून दुकानांचे पासवर्ड बदलून देणं, जुने लॉगिन काढणं, घड्याळं जुळवणं आणि शेजाऱ्याच्या खिडकीवर मास्क लावणं ही कामं आम्ही मोबदला न घेता करू. अर्जाचा कच्चा मसुदाही मी तयार केला आहे. बैठकीची तारीख ठरली की तो सोबत घेऊन येतो.

आपला नम्र,
कॅमेरे बसवणारा एक कारागीर,
अमळनेर, जि. जळगाव